‘द’ शोधायला ‘क’पासून निघालेली मुलं

*प्रश्न : मी माण तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. वर्गात १७ मुलं आहेत. तीन रविवार खपून मी थर्माकोलची ‘वर्णमाला एक्स्प्रेस’ तयार केली. प्रत्येक डब्यावर एक अक्षर, त्याखाली चित्र, घोटीव कागदाच्या खिडक्या. शिक्षण परिषदेत कौतुक झालं, फोटो निघाले. मुलं चालीवर ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत एका दमात म्हणतात. पण परवा चौथीच्या मुलांना शब्दकोशात ‘दवंडी’ शोधायला सांगितलं, तर पंधरा मिनिटांत एकाही जोडीला सापडला नाही. ‘द’च्या आधी काय, असं विचारलं की तोंडातल्या तोंडात ‘क ख ग घ’ सुरू होतं. माझं साहित्य चुकलं का? ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ कुठे लावायचे, याबद्दल माझाच गोंधळ आहे. आणि इंग्रजीसाठीही अशीच गाडी करू का?*

ताई,

आधी एक सांगते, गाडी मोडू नका. घोटीव कागदाच्या खिडक्या कातरणं म्हणजे काय काम असतं ते मला ठाऊक आहे. माझ्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा निवृत्तीनंतरही आहे. साहित्य देखणं झालंय, यात शंका नाही. पण ते सगळं तुम्ही केलंत आणि मुलांनी नुसतं पाहिलं. डबे जोडायचं काम मुलांच्या वाट्याला आलंच नाही, कारण तुमचे डबे जन्मापासून एकमेकांना चिकटलेले आहेत.

मी नोकरीला लागले तेव्हा फ्लॅनेलच्या फळ्याची चलती होती. अक्षरांच्या पाठीला काचकागदाचे तुकडे लावायचे आणि फळ्यावर टेकवायचे, की ती बसायची. मी शाळा भरायच्या आधी येऊन सगळी अक्षरं ओळीने लावून ठेवायची. का, तर वर्गात वेळ जाऊ नये! एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी मुलांना डोळे मिटायला लावले, मधलं एक अक्षर काढून खिशात घातलं आणि विचारलं, “काय गेलं?” बराच वेळ शांतता. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी ओरडली, “बाई, बदक गेलं!” साहेबांनी विचारलं, “बदकाच्या शेजारी कोण होतं?” तर म्हणाली, “फुगा.” वर्षभर मी वर्णमाला शिकवतेय असं मला वाटत होतं. मुलं चित्रांची रांग पाठ करत होती.

तुमच्या मुलांचंही थोडं असंच झालंय. चालीत म्हटलेली वर्णमाला हे एक गाणं असतं, आणि गाणं मधूनच सुरू करता येत नाही. तुम्हालाही एखाद्या आरतीचं तिसरं कडवं एकदम म्हणायला सांगितलं तर पहिल्यापासून गुणगुणत यावं लागेल. शब्दकोश वापरायला लागतं ते वेगळंच ज्ञान. साताऱ्याहून निघालेल्या गाडीत बसून कंडक्टरला विचारा, पुसेगाव आधी की कोरेगाव? तो स्टँडपासून थांबे मोजत बसत नाही, रस्ता त्याच्या डोळ्यासमोर असतो. मुलांच्या डोळ्यासमोर वर्णमालेचा असा रस्ता यायला हवा. कोणतंही अक्षर घेतलं की त्याचे दोन शेजारी आणि साधारण ठिकाण, एवढं चटकन दिसलं की काम झालं.

आता साहित्य. थर्माकोल नको, कार्डशीटही विकत आणू नका. गावात लग्नसराई होऊन गेली असेल. मुलांना सांगा, घरातल्या जुन्या लग्नपत्रिका आणा. इतका जाड, इतका गुळगुळीत पुठ्ठा फुकट दुसरीकडे मिळत नाही, आणि मागची बाजू बहुतेक वेळा कोरी असते. हाताशी असेल त्यातून शैक्षणिक साहित्य करायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केलं, ते पानं, बिया, खडे, शिंपले अशाच वस्तूंच्या जोरावर.

पत्रिका तळहाताएवढ्या कापा. एका कार्डावर एकच व्यंजन, जाड मार्करने, अगदी मागच्या बाकावरून दिसेल असं. पुढच्या बाजूला चित्र काढायचं नाही. फारच जीव तुटत असेल तर मागे काढा. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने जी प्रमाण वर्णमाला ठरवली, तिच्यात १४ स्वर, २ स्वरादी (अं, अः), ३४ व्यंजनं आणि २ विशेष संयुक्त व्यंजनं (क्ष, ज्ञ) आहेत. एकूण ५२. सुरुवातीला ३४ व्यंजनंच घ्या. तुमची मुलं १७, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर दोन कार्डं. असा हिशोब माझ्या नोकरीत कधी जुळला नाही. आणि अक्षर मुलांनीच लिहायचं. वाकडं आलं तर दुसरं कार्ड द्या, पण तुम्ही लिहून देऊ नका. ‘माझा ध’ आणि ‘तुझा ध’ ही भावना या खेळात फार कामाला येते.

मग एक जुनी चादर आणि सुतळी. दोन्ही लागतील, कारण क्रम दोन पायऱ्यांनी शिकवायचा आहे.

पहिली पायरी चादरीची. चादरीवर पाच ओळी आणि पाच रांगा, असे पंचवीस खिसे शिवून घ्या. गावात शिलाईमशीन असलेली एखादी आई अर्ध्या दिवसात करून देईल. या पंचवीस खिशांत ‘क’पासून ‘म’पर्यंतची अक्षरं बसतात. इथे मला थोडं रेंगाळू द्या, कारण आपण शिक्षक मराठी वर्णमालेचा सगळ्यात मोठा गुण वापरायचाच विसरतो. ए-बी-सी-डीच्या क्रमाला उच्चाराचं काही कारण नाही, तो पाठच करावा लागतो. आपला क्रम तोंडात आहे. ‘क’ म्हणताना जिभेची मागची बाजू घशाकडे लागते, ‘च’ला जीभ टाळूला लागते, ‘ट’ला टोक वर वळतं, ‘त’ला दातांना भिडतं आणि ‘प’ला दोन्ही ओठ मिटतात. घशापासून ओठांपर्यंतचा प्रवास, पाच मुक्कामांत. वर्गात एक आरसा आणा आणि मुलांना स्वतःच्या तोंडात बघू द्या. पाच मिनिटं नुसती हसतील, हसू द्या.

आडव्या ओळीतही गंमत आहे. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरा आणि ‘क’ म्हणा, मग ‘ख’ म्हणा. ‘ख’ला पट्टी जोरात उडते. ‘च-छ’, ‘त-थ’, ‘प-फ’ सगळीकडे तेच, दुसऱ्या खिशातलं अक्षर श्वास सोडतं. (‘फ’ हल्ली बरेच जण इंग्रजी एफसारखा म्हणतात. मग पट्टी हवी तशी उडत नाही. त्या मुलाला ओठ मिटून ‘फळ’ म्हणायला सांगा.) मग गळ्याला बोटं लावून ‘क’ आणि ‘ग’ म्हणा. ‘ग’ला बोटांखाली थरथर लागते. शेवटच्या खिशातली ङ, ञ, ण, न, म ही सगळी नाकातली. नाक चिमटीत धरून ‘म’ म्हणायला लावा, म्हणजे व्याख्यान द्यावं लागणार नाही.

हे दोन-तीन दिवस केलं की मुलांना कोणतंही कार्ड द्या, ती आपणच खिसा शोधतात. ‘द’ कुठे? जीभ दातांना लागली, म्हणजे चौथी ओळ. श्वास उडाला नाही आणि गळा थरथरला, म्हणजे तिसरा खिसा. क, ख, ग कुठेही म्हणावं लागलं नाही. ‘च’चं मात्र एक सांभाळा. ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च मराठीत सारखे नाहीत. वर्गातलं एखादं चाणाक्ष पोर हे बोलून दाखवेलच. त्याला शाबासकी द्या आणि दोघांनाही त्याच एका खिशात बसवा.

उरलेली नऊ अक्षरं य, र, ल, व, श, ष, स, ह, ळ. यांच्यासाठी खाली एक लांब पट्टी शिवा. ‘श ष स’ या तिघांचा क्रम आजच्या उच्चारावरून कळत नाही, कारण श आणि ष आपण एकसारखेच म्हणतो. पण जुन्या व्याकरणकारांच्या मांडणीत तोही तोंडातलाच प्रवास आहे. श टाळूचा, ष मूर्धेचा म्हणजे टाळूच्या माथ्याचा, स दातांचा. ‘य र ल व’ही त्याच वाटेने ओठांपर्यंत येतात. मुलांना हे सांगितलंच पाहिजे असं नाही. तुम्हाला ठाऊक असलं की पुरे.

दुसरी पायरी सुतळीची. वर्गाच्या दोन खिडक्यांच्या गजांना सुतळी बांधा, मुलांच्या खांद्याइतक्या उंचीवर. फळ्याच्या वर बांधली तर ती पुन्हा शोभेचीच होईल. ३४ कार्डांना साडेतीन-चार मीटर पुरे. कार्डं कपड्याच्या चिमट्यांनी अडकवायची. चादरीवर जो चौकोन होता तो आता एका रेषेत उलगडायचा, कारण शब्दकोश रेषेतच चालतो.

सुरुवातीला क, च, ट, त, प, य आणि श ही सातच कार्डं दोरीवर ठेवा, मध्ये जागा सोडून. हे सात खांब. बाकीची कार्डं टोपलीत. परिपाठानंतर रोज सात-आठ मिनिटं, त्याहून जास्त नको. एका मुलाने टोपलीतून कार्ड उचलायचं आणि दोन खांबांमध्ये कुठे ते ठरवून अडकवायचं. चुकलं तर तुम्ही बोलायचं नाही. शेजारच्या कार्डाचा मालक बोलेल. ‘ध’ची मालकीण आपल्या आणि ‘न’च्या मध्ये ‘ब’ला येऊ देत नाही. पहिल्या आठवड्यात भांडणं होतील, ती होऊ द्या.

दोरी भरली की साहेबांचा खेळ खेळा. डोळे मिटवा, दोन कार्डं काढा, उरलेली सरकवून फट बुजवा. काय गेलं? मग एखाद्या दिवशी दोरीचा अर्धा भाग झाकून ‘त’पासून म्हणायला लावा, कधी ‘ठ’पासून. उलटं म्हणायला मात्र लावू नका. काही शिक्षक लावतात, पण त्याचा शब्दकोशात कणभर उपयोग नाही. चाल बंद करायचीही गरज नाही. चौथ्या डब्यात चढून गाणं म्हणता आलं की झालं.

एक प्रश्न मुलं आपणहून विचारतील, ‘ङ’, ‘ञ’, ‘ण’, ‘ळ’ यांनी सुरू होणारा शब्द कोणता? शोधू द्या. घरी आजीला विचारू द्या. शब्दकोश उघडून पाहू द्या. आपल्या नेहमीच्या मराठीत असा शब्द नाही, हे मुलांना स्वतःला सापडलं की त्यांना विलक्षण आनंद होतो. आमच्याकडे एका मुलाने त्यांना ‘मागच्या बाकावरची अक्षरं’ असं नाव दिलं होतं.

आता दवंडीकडे येते. पहिलं अक्षर सापडलं तरी तुमची मुलं पुढे अडकणारच, कारण खरी मेख दुसऱ्या पायरीत आहे. दवंडी आधी की दार? मुलं म्हणतील दार, कारण ‘र’ हा ‘व’च्या आधी येतो. पण ‘द’ची सगळी कुळं संपल्याशिवाय ‘दा’ची सुरू होत नाहीत. म्हणून दवंडी आधी, दार नंतर. हे सांगून डोक्यात शिरत नाही. त्यासाठी चौदाखडीची, म्हणजे बाराखडीत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ मिळवून होते तिची, दुसरी सुतळी लागते. शर्टाच्या खोक्यात येणारं पारदर्शक प्लास्टिक कापून त्याचे तुकडे करा आणि प्रत्येकावर एकेक स्वरचिन्ह काढा. हे तुकडे व्यंजनाच्या कार्डावर ठेवले की का, कि, की तयार होतात. प्लास्टिकच हवं, कारण पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे येते आणि उकार पायाशी. कागदी पट्टी सरकवून हे जमत नाही, मी दोन वर्षं वाया घालवली आहेत.

आणि मग सगळ्यात चांगलं साहित्य, मुलांची स्वतःची नावं. हजेरीपटावरची नावं पत्रिकांच्या पट्ट्यांवर लिहून घ्या आणि सुतळीवर लावायला सांगा. वर्गातली नावं पुरली नाहीत तर मी ‘क’ची एक यादी देते : करण, काजल, किरण, कुणाल, कृष्णा, केतकी, कौस्तुभ, क्रांती. हाच बरोबर क्रम आहे. यादी उलटसुलट करून द्या आणि कृष्णा आणि क्रांती कुठे जातात ते बघा. निम्मा वर्ग दोघांना शेजारी बसवेल. ‘कृ’ म्हणजे ‘क’ला लागलेला ‘ऋ’, तो स्वर आहे. तेव्हा तो ‘कू’च्या मागे आणि ‘के’च्या आधी. ‘क्र’ म्हणजे ‘क’ आणि ‘र’ यांचं जोडाक्षर, आणि जोडाक्षरं ‘कौ’ संपल्यानंतर. शुद्धलेखनात वर्षभर छळणारी ‘कृ’ आणि ‘क्र’ची भानगड इथे दहा मिनिटांत सुटते, हा वरचा नफा.

तुमच्या गोंधळाबद्दल. ‘ळ’ शेवटी, ‘ह’च्या नंतर. संस्कृतच्या रूढ वर्णमालेत तो नव्हता, म्हणून मराठीच्या मांडणीत तो शेपटाला आला. त्यामुळे ‘कावळा’ आधी आणि ‘काळा’ नंतर. संगणकातल्या युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, मात्र ‘ळ’ची जागा ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या आधी आहे. म्हणून नुसत्या त्या क्रमाने लावलेल्या यादीत ‘काळा’ कावळ्याच्या पुढे उडी मारतो. कोणी मोबाइलवरची यादी दाखवून तुमच्याशी वाद घातला तर घाबरू नका.

‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ ही मुळात जोडाक्षरं आहेत, क्+ष आणि ज्+ञ. त्या हिशोबाने क्षितिजा ‘क’च्या घरात, क्रांतीच्या मागे, आणि ज्ञानेश्वर ‘ज’च्या घरात. वर्णमालेच्या तक्त्यात मात्र दोघं सगळ्यात शेवटी वेगळे उभे असतात. दोन्ही पद्धतींचे कोश तुम्हाला भेटतील. माझा सल्ला : तुमच्या वर्गात जो शब्दकोश आहे तो उघडा, त्यात ‘क्षमा’ कुठे आहे ते मुलांनाच शोधायला सांगा आणि तोच नियम सुतळीला लावा. अनुस्वाराचंही तसंच. तक्त्यात ‘अं’ हा ‘औ’नंतर येतो, पण कोशात ‘अंक’ कधी ‘अकरा’च्या आधी भेटतो, कधी दुसरीकडे. वर्गाचा एकच कोश, वर्गाचा एकच नियम. चौथीच्या मुलाला एवढं पुरतं. ‘ऌ’चं विचारलं तर ‘कॢप्ती’ हा शब्द दाखवा आणि पुढे चला.

हे सगळं तिसरी-चौथीसाठी. तुमचे दुसरे शिक्षक पहिली-दुसरीला शिकवत असतील तर त्यांना ही सुतळी उसनी देऊ नका. पहिलीत अक्षरं गटागटाने, शब्द तयार होतील अशी येतात आणि ते योग्यच आहे. वाचता न येणाऱ्या मुलाला क्रमाचं ओझं कशाला?

इंग्रजीची गाडी आत्ता नको. मराठीची दोरी पक्की झाल्यावर, दिवाळीनंतर, २६ कार्डांची वेगळ्या रंगाची दोरी दुसऱ्या भिंतीला बांधा. तिथे तोंडाचा आधार मिळणार नाही, म्हणून दोरी मधोमध दुमडून दाखवा. एका बाजूला एपासून एमपर्यंत तेरा, दुसऱ्या बाजूला एनपासून झेडपर्यंत तेरा. ‘एल-एम-एन-ओ’ हा एक घासात गिळलेला शब्द आहे असं बऱ्याच मुलांना वाटतं. ती चार कार्डं सुरुवातीला जरा लांब लांब अडकवा.

आणि तुमची एक्स्प्रेस. डबे सुटे करा, पाठीला चुंबकाचे किंवा वेल्क्रोचे तुकडे लावा आणि चित्रांवर कोरा कागद चिकटवा. कागद चिकटवायला कणकेची खळ वापरू नका, सुट्टीत उंदीर येऊन इंजिनासकट खातील. चिमटेही प्लास्टिकचे घेऊ नका, माणच्या उन्हात एका उन्हाळ्यात तडकतात. लाकडी घ्या, आणि ३४ लागत असले तरी ५० घ्या. उरलेले आठवड्याभरात मुलांच्या दप्तरात सापडतील.